आर. नरसिंहन : ‘बेअर मेटल’पासून सामायिक संगणकापर्यंत

क्लाउडच्या कन्सोलवर जायचं, इमेज निवडायची, सीपीयू आणि रॅम ठरवायची आणि ‘लाँच’ दाबायचं. दोन-तीन मिनिटांत उबुंटू किंवा विंडोज सर्व्हर लॉगिनसाठी तयार. मी भिंगारमध्ये बसून हे काम जवळजवळ रोज करतो. सर्व्हर मात्र असतात पुण्यात किंवा मुंबईत. मायक्रोसॉफ्ट अझ्युरची भारतातली रीजन्स २०१५ मध्ये सुरू झाली, त्यातलं ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आहे. ॲमेझॉनचं मुंबई रीजन आलं २०१६ मध्ये.

त्यामुळे दुसऱ्या शहरातला संगणक गरजेपुरता वापरायचा, ही कल्पना आपल्याला नवीन वाटते. पण मुंबईतल्या एका संस्थेत असा सामायिक संगणक १९६४ पासून चालत होता. त्याच्याही आधी त्याच संस्थेने स्वतःचा संगणक सुट्या भागांपासून बनवला होता. या दोन्ही गोष्टींच्या मध्यभागी एक नाव आहे : रंगास्वामी नरसिंहन. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं काम माहीत असायला हवं, असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

कोण होते नरसिंहन?

जन्म १९२६ चा, मद्रासचा. गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दूरसंचार शाखेची पदवी घेतली. मग अमेरिकेत कॅलटेकमधून मास्टर्स आणि इंडियाना विद्यापीठातून चक्क गणितात पीएचडी. १९५४ मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रुजू झाले.

होमी भाभांना तेव्हा संस्थेत संगणक बनवून हवा होता. हा काळ लक्षात घ्या. देशात एकही डिजिटल संगणक नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पहिला आला तोही इंग्लंडहून आयात केलेला. टीआयएफआरच्या गटातली मुलं नुकतीच पदवी घेऊन आलेली. संगणक बनवणं सोडा, बहुतेकांनी तो वापरलासुद्धा नव्हता.

टीफ्रॅक : खरंखुरं बेअर मेटल

या गटाने आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र बनवलं, ते १९५६ मध्ये चालू झालं. ते जमल्यावर मोठ्या यंत्राचं काम हाती घेतलं. ते १९६० मध्ये पूर्णपणे कामाला लागलं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं ‘टीफ्रॅक’.

टीफ्रॅकचं स्पेसिफिकेशन आजच्या पद्धतीने लिहायचं तर असं : सुमारे २,७०० निर्वात नळ्या, ४० बिटांचा शब्द आणि फेराइट कोअरची २,०४८ शब्दांची मेमरी. गुणाकार करून बघा, ही मेमरी १० किलोबाइट भरते. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही यात मावणार नाही. पण यावर देशातल्या शास्त्रज्ञांनी खरी गणितं सोडवली.

यावर आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो तसं काही नव्हतं. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत लिहायचा, कागदी पट्टीवर भोकं पाडून उतरवायचा, पट्टी रीडरमध्ये घालायची. एका वेळी एकाचाच प्रोग्रॅम. तुमचं काम चालू असेपर्यंत सगळं यंत्र तुमचं, आणि अडकलं तर डोकंही तुमचंच.

आज आपण ‘बेअर मेटल’ हा शब्द सहज वापरतो. पण नव्या सर्व्हरवर पीएक्सईने ओएस टाकताना काय होतं, ते पायरीपायरीने आठवा. नेटवर्क कार्ड डीएचसीपीकडून पत्ता घेतं, टीएफटीपीवरून छोटा बूट लोडर आणतं, तो कर्नल किंवा इन्स्टॉलर आणतो आणि मग इमेज डिस्कवर उतरते. रिकाम्या यंत्राला पहिल्या सूचना कुठून तरी आणून द्याव्याच लागतात. टीफ्रॅकवर ते काम कागदी पट्टी आणि माणूस मिळून करायचे, एवढाच फरक.

इतका खटाटोप कशाला?

हा प्रश्न तेव्हाही रास्त होता, आजही आहे. टीफ्रॅक तयार झालं तोवर जग निर्वात नळ्या सोडून ट्रान्झिस्टरकडे निघालं होतं. टीफ्रॅकची दुसरी प्रत कधी बनली नाही, त्यातून कारखाना उभा राहिला नाही. काही वर्षांतच ते निवृत्तही झालं. फक्त यंत्राचा हिशोब धरला तर तोटाच दिसतो.

पण यंत्र गेलं तरी ते बनवलेली माणसं संस्थेतच राहिली, आणि फायदा तिथून सुरू झाला. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेचा सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. नरसिंहन १९६१ पासून इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे त्यांनी इलियाक-३ या यंत्रासाठी चित्रांमधले आकार ओळखण्याच्या पद्धतींवर काम केलं. आजच्या भाषेत हे एआयचंच काम. १९६४ मध्ये ते परतले आणि संगणक गटाची सूत्रं सांभाळली. नवं यंत्र परदेशी असलं तरी ते चालवणारी मंडळी आतून संगणक ओळखणारी होती.

एक संगणक, देशभरातले वापरकर्ते

सीडीसी ३६०० फक्त टीआयएफआरसाठी नव्हता. देशातली विद्यापीठं, संशोधन संस्था यांची कामं त्यावर चालायची. पंचकार्डांवर फोरट्रान प्रोग्रॅम उतरवायचा, कार्डांचा गठ्ठा जमा करायचा, रांगेत नंबर लागायचा आणि नंतर छापील निकाल हातात पडायचा. मोठ्या यंत्राचा महागडा वेळ कार्डं वाचण्यात जाऊ नये म्हणून जोडीला १६०-ए नावाचा छोटा संगणक होता.

इथे ऑपरेटिंग सिस्टिम आली. तिचं नाव स्कोप. एकामागून एक कामं लावणं, टेप आणि प्रिंटर वाटून देणं, एकाचं काम कोसळलं तर पुढच्याचं सुरू करणं, हे तिचं काम. वापरकर्ता गठ्ठ्याच्या सुरुवातीला कंट्रोल कार्डं लावायचा : हे काम कोणाचं, किती वेळ द्यायचा, कोणता कंपायलर लागेल. आज आपण क्लाउड-इनिटच्या यामल फाइलमध्ये होस्टनेम, युजर आणि पॅकेजेस लिहून देतो. दोन्हीकडे तत्त्व एकच : आपल्याला काय हवं ते आधी लिहून द्यायचं, यंत्रासमोर जाऊन बसायचं नाही.

त्यापुढची पायरी टाइमशेअरिंगची. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने टीआयएफआरमध्ये सॉफ्टवेअर विकासासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, संक्षेपाने एनसीएसडीसीटी. त्याची धुरा नरसिंहन यांच्याकडे होती. तिथल्या डेक-१० वर अनेक जण एकाच वेळी टर्मिनलवर बसायचे. यंत्र प्रत्येकाला क्षणाक्षणाचा वाटा द्यायचं आणि प्रत्येकाला वाटायचं, संगणक माझाच आहे. आज हायपरवायझर हेच करतो, फक्त वापरकर्त्याऐवजी तो अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमला फसवतो. विंडोज सर्व्हरला वाटतं आपण स्वतंत्र मशीनवर आहोत, खाली मात्र एकाच लोखंडावर आठ-दहा शेजारी नांदत असतात.

हेच केंद्र पुढे एनसीएसटी झालं आणि २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झालं.

आयबीएम गेली तेव्हा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. १९७० च्या दशकात भारतातल्या कित्येक मोठ्या कार्यालयांत आयबीएमची यंत्रं होती. यंत्रं बहुतेक भाड्याची, देखभाल आयबीएमची, सुटे भाग आयबीएमचे. परकीय चलन कायद्यानुसार भारतीय शाखेतला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला कंपनीने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती देशातून बाहेर पडली.

यंत्रं इथेच राहिली, पण सांभाळणारा गेला. हे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीने उचललं. ही कंपनी १९७५ मध्येच स्थापन झाली होती, आणि तिच्या उभारणीत नरसिंहन यांचा वाटा होता. दुसऱ्याने बनवलेली, निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं चालू ठेवायची, तर आतलं कळणारी माणसं देशात हवीत. टीफ्रॅकचा खटाटोप कशासाठी होता, याचं उत्तर मला इथे सापडतं.

नरसिंहन कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष होते. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तरायुष्यात त्यांनी माणूस भाषा कशी शिकतो आणि यंत्राला त्यातलं काय जमेल, यावर पुस्तकं लिहिली. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपण यातून काय घ्यायचं?

क्लाउड वापरू नका, असं मी अजिबात म्हणत नाही. भिंगारसारख्या ठिकाणी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं करता येतात ती त्याच्यामुळेच. पण उद्या प्रोव्हायडरने एखादी सेवा बंद केली, दर दुप्पट केले किंवा खातं गोठवलं, तर आपली १९७८ सारखी अवस्था होईल का, हे आजच तपासून ठेवा :

१. तुमची गोल्डन इमेज दुसरीकडे चालेल का? फक्त एकाच प्रोव्हायडरच्या फॉर्मॅटमध्ये ठेवू नका. ती कशी बनवली याची पॅकर किंवा ॲन्सिबलची फाइल गिटमध्ये असू द्या.

२. विंडोजची इमेज करण्याआधी सिसप्रेपने ‘जनरलाइझ’ करा, लिनक्समध्ये मशीन-आयडी आणि एसएसएच होस्ट की काढा. नाहीतर एकाच ओळखीची दहा मशिन्स फिरतील.

३. बॅकअपची एक प्रत प्रोव्हायडरच्या बाहेर ठेवा आणि ती प्रत्यक्ष रिस्टोअर करून बघा. रिस्टोअर न केलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

४. वर्षातून एकदा तरी जुन्या पीसीवर पीएक्सईने शून्यापासून ओएस टाका. कन्सोलवरचं बटण खाली काय काय करतं, ते हाताला कळलेलं बरं.

चौथा मुद्दा बऱ्याच जणांना वेळ वाया घालवणं वाटतो. दहा किलोबाइट मेमरीचं यंत्र बनवत बसलेल्यांनाही लोक असंच म्हणत असतील. तुमच्या टीममध्ये हे काम कोणाला येतं, ते एकदा विचारून बघा. उत्तर ‘कोणालाच नाही’ आलं, तर या शनिवारी सुरुवात करा.