थांबलेली भरणी आणि लुई पाश्चर

गेल्या नोव्हेंबरात उत्तनला मैत्रिणीकडे गेले, तेव्हा घरातले सगळे जरा गप्प गप्पच होते. नाताळसाठी तिच्या आजींनी काळ्या मनुकांची वाईन घातली होती. आमच्या भाईंदरपलीकडच्या या किनाऱ्यावर ख्रिस्ती घरांतून ही रीत जुनी आहे. चिनी मातीची भरणी, मनुका, साखर, उकळून निववलेले पाणी, मूठभर गहू आणि चिमूटभर यीस्ट. रोज लाकडी पळीने ढवळायचे, एकवीस दिवसांनी गाळायचे. पण यंदा चार दिवस छान फसफसलेली भरणी पाचव्या दिवशी जी थांबली ती थांबलीच. चाखून पाहावी तर नुसता गोडमिट्ट पाक. आजींच्या मते कुणाची तरी नजर लागली होती.

मला हसू आले नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी लोणच्यावर बुरशी धरली, तेव्हा मी नको त्या दिवसांत भरणीला हात लावला म्हणून ती धरली, असे ठरले होते. आणि मी ते मुकाट्याने ऐकून घेतले होते.

मोर्वा, राई, मुर्धा करीत बस स्टेशनकडे परतत होती. त्या अर्ध्या तासात मला पाश्चर आठवला. दुधाच्या पिशवीवर त्याचे नाव असते आणि कुत्रा चावल्यावर त्याची लस आठवते, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण त्याच्या कीर्तीचा आरंभ बिघडलेल्या पिंपापाशी झाला, हे मला ग्रंथालयात बसल्यावर कळले.

लुई पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी झाला. बाप नेपोलियनच्या सैन्यातून परतलेला, कातडी कमावणारा कारागीर. पोर वाढले आर्ब्वा येथे, द्राक्षमळ्यांच्या मुलखात. लहानपणी त्याला चित्रांचा नाद होता. आईचे त्याने रंगीत खडूंनी काढलेले चित्र आजही आहे. पंधरा वर्षांचा असताना शिक्षणासाठी पॅरिसला पाठवला, तर घराच्या आठवणीने असा झुरला की बापाला जाऊन त्याला परत आणावे लागले. वसतिगृहात पहिला महिना काढलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे वाचून बरे वाटेल! पुढे तो पुन्हा गेला आणि शिकला. १८४८ साली त्याने वाईनच्या पिंपांत साचणाऱ्या आम्लाच्या जातीतले स्फटिक चिमट्याने वेगळे केले आणि त्यांत एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत असे दोन प्रकार असल्याचे दाखवले. दुसऱ्या वर्षी मारी लोराँशी विवाह झाला. ही बाई रात्र रात्र बसून त्याची टिपणे उतरवून घेई. चरित्रकार तिला दोन ओळींत आटोपतात, याचा मला राग येतो.

१८५४ मध्ये पाश्चर लील शहरी विज्ञान विद्याशाखेचा प्रमुख झाला. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याचा बाप, बिगो नावाचा कारखानदार, त्याच्याकडे आला. बीटच्या रसापासून मद्यार्क काढण्याचा त्याचा धंदा. काही पिंपांत मद्यार्क होईना, रस आंबट पडे. पाश्चर स्वतः कारखान्यात जाऊ लागला, पिंपांतले नमुने आणून सूक्ष्मदर्शकाखाली धरू लागला. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल गोल कण, बिघडलेल्या पिंपात त्यांच्याहून कितीतरी बारीक काड्या. या काड्यांना स्वतःचे जगणे होते आणि रसाचे आम्ल त्या करीत होत्या. १८५७ साली त्याने हे मांडले.

त्या काळी जर्मनीत लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचा दरारा मोठा. त्याच्या मते आंबणे म्हणजे मृत पदार्थाचे निव्वळ विघटन. यीस्ट सजीव आहे असे १८३७ च्या सुमारास काहींनी सांगितले होते, पण त्यांची थट्टाच झाली. पाश्चरने वाद सोडला नाही. १८६१ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट दाखवली: हवा मिळाली की यीस्ट भराभर वाढते, हवा तुटली की वाढ मंदावते आणि साखरेचा मद्यार्क करण्याचा सपाटा लावते. (हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतले.)

ही सगळी वर्षे घरात मृत्यू फिरत होता. १८५९ मध्ये थोरली मुलगी विषमज्वराने गेली. १८६५ मध्ये दोन वर्षांची धाकटी, तर १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, तीही विषमज्वरानेच. १८६८ मध्ये पक्षाघाताने त्याची डावी बाजू लुळी पडली. तेव्हा तो शेहेचाळिशीलाही पोचला नव्हता.

बिअर त्याला फारशी आवडत नसे. पण १८७० च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला आणि जर्मन बिअरवर मात करायची म्हणून हा गृहस्थ बिअरच्या मागे लागला. थोर माणसेही किती हट्टी असतात! १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात जाऊन त्याने तिथल्या यीस्टमधले नको ते जंतू मालकांना दाखवले. आठवड्याभरात त्या कारखान्यात सूक्ष्मदर्शक विकत आणला गेला. बिअरवरचे त्याचे पुस्तक १८७६ साली निघाले. रेबीजची लस, पॅरिसची संस्था, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. २८ सप्टेंबर १८९५ रोजी तो वारला. दोनच वर्षांत बुखनरने यीस्ट चिरडून काढलेल्या नुसत्या रसानेही साखर आंबते हे सिद्ध केले, म्हणजे लीबिगही अगदीच चुकला नव्हता. मात्र तो रस यावा लागतो जिवंत यीस्टमधूनच.

पुढच्या रविवारी वही घेऊन उत्तन गाठले. चौकशी केली तेव्हा कळले, पाहुण्यांना गोड आवडते म्हणून साखर दीडपट पडली होती, तीही एकदम. आणि यीस्टची पुडी गेल्या वर्षीची. इतक्या दाट पाकात यीस्टच्याच अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. बिचारे जगणार कसे? आम्ही पाक थोडे पाणी घालून सैल केला. नवे यीस्ट कोमट पाण्यात जराशा साखरेबरोबर उघड्या वाडग्यात ठेवले. फेस आल्यावर त्यात भरणीतला पाक एक एक डाव घालत गेलो, दर वेळी पुन्हा फेस येईपर्यंत थांबून. वाडगा भरायला दुपार गेली. मग तो सबंध भरणीत ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीचा फोन आला. भरणीला कान लावला की बारीक आवाज येत होता. आजींनी झाकणावर बोटाने क्रूस काढायचे काही सोडले नाही, आणि मीही त्यावर काही बोलले नाही. नाताळात एक छोटी बाटली माझ्या वाट्याला आली.

यंदा मे महिन्यात आमच्याकडे लोणचे मी घातले. कैऱ्या पुसून कोरड्या केल्या, भरणी उन्हात तापवली, वर तेल बोटभर ठेवले. दिवस कुठला ते विचारायला आई विसरली, की विसरल्यासारखे केले, कोण जाणे.