बालवीर चळवळीचे जनक : बेडन-पॉवेल

गळ्यातील स्कार्फ आणि डाव्या हाताचे हस्तांदोलन आम्ही पटांगणावर नित्य पाहतो. परंतु ज्यांनी ही प्रथा घातली त्यांचे चरित्र आमच्या मुलामुलींना क्वचितच ठाऊक असते.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. १८७६ साली ते घोडदळातील अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. पुढे दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगचा २१७ दिवसांचा वेढा त्यांनी परतविला आणि ते इंग्लंडचे लाडके वीर ठरले. तेथे निरोप पोहोचविण्याचे काम किशोरवयीन मुलांच्या पथकाने केले होते. त्याच वेढ्यात आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला मात्र गोऱ्यांहून कमी अन्न आले, हेही आम्हांस नमूद केले पाहिजे.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचे शिबिर भरविले. निम्मी मुले श्रीमंतांच्या शाळांतील, निम्मी कष्टकऱ्यांच्या घरची. लांडगा, बैल, कुरलव आणि डोमकावळा या नावांच्या चार तुकड्यांत ती मिसळली. पहाटे कुडू हरणाच्या शिंगाचा नाद होई. मग दिवसभर गाठी, माग काढणे, स्वयंपाक. एका पंगतीतले हे सहजीवन वसतिगृहात वाढलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढल्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि गावोगाव मुलांनी आपण होऊन पथके उभारली.

मुलींना कोणी बोलावलेच नव्हते! १९०९ च्या क्रिस्टल पॅलेस मेळाव्यात त्या स्वतःच गणवेश घालून दाखल झाल्या. अखेर १९१० साली बेडन-पॉवेलांच्या भगिनी ॲग्नेस यांच्या नेतृत्वाखाली गर्ल गाइड संघटना निघाली.

आमच्या देशात १९०९ पासून पथके होती, पण ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. ज्या चळवळीने बंधुभाव शिकवावा, तिच्या दारातच वर्ण विचारला जावा, हे आमच्या समाजाला नवे नाही. ॲनी बेझंट यांनी १९१६ साली मद्रासेत भारतीय मुलांची स्वतंत्र संघटना काढली. १९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले, आणि मग समेट झाला. तोही पुढे विसकटलाच. १९५० साली भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एक संस्था झाली; पुढल्या वर्षी गाइड मुलीही तीत आल्या.

अखेरची वर्षे त्यांनी केनियातील न्येरी येथे काढली. तेथेच ८ जानेवारी १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर एक वर्तुळ आणि मधोमध ठिपका कोरला आहे. माग काढणाऱ्या बालवीरांच्या खुणेत त्याचा अर्थ, मी घरी गेलो आहे, असा होतो.