नावडत्या मार्गाचा विजेता

शर्यतीच्या मोटारी हाकणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात एक ठरीव चित्र असते. तो बेफिकीर असतो, मरणाला हसतो आणि भीती म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. जिम क्लार्कचे चरित्र या चित्राला मुळीच जुळत नाही. फॉर्म्युला वनच्या 72 शर्यतींपैकी 25 जिंकणारा आणि 1963 व 1965 साली जगज्जेता ठरलेला हा स्कॉटिश शेतकरी बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँच्या मार्गाला मनापासून भीत होता. त्याला तो मार्ग आवडत नसे व ही नावड त्याने कधी लपवली नाही. याच मार्गावर तो 1962 ते 1965 अशी लागोपाठ चार वर्षे जिंकला.

क्लार्कचा जन्म 4 मार्च 1936 रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात झाला. पुढे कुटुंब इंग्लंडच्या सीमेजवळ डन्स गावानजीकच्या एडिंग्टन मेन्स या शेतावर आले. चार बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता एक मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्याने मेंढ्या आणि शेती पत्करली. मोटारींचा नाद आईवडिलांना पसंत नव्हता. मित्रांनीच, विशेषतः इयान स्कॉट-वॉटसन याने, त्याला पुढे ढकलले. शर्यतीतील त्याची पहिली मोटारही या मित्राचीच होती. आपण इतरांपेक्षा वेगाने का जातो, याचा उलगडा त्याला स्वतःलाही झाला नव्हता. घोटीव व संथ हातांनी तो मोटार वळवी आणि त्याच्या मोटारीचे ब्रेक व टायर इतरांच्या मानाने कमी झिजत. वेग हा धसमुसळेपणाचा भाऊ आहे, असे मानणाऱ्यांनी एवढी गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी.

स्पाशी त्याची गाठ 1958 च्या मे महिन्यात पडली. बॉर्डर रीव्हर्स या स्कॉटिश संघाची जग्वार डी-टाइप ही स्पोर्ट्स कार त्याच्या हाती होती. तेव्हाचा स्पा म्हणजे आर्देनच्या टेकड्यांतून जाणारा 14.1 किलोमीटरचा सार्वजनिक रस्ता होता. एरवी त्यावरून शेतकऱ्यांच्या गाड्या जात. कडेला घरे, झाडे, तारेची कुंपणे, विजेचे खांब. मस्ताच्या सरळ पट्ट्यावर दोन घरांच्या मधून रस्ता किंचित मुरडे आणि तेथे वेग कमी करायचा की नाही, हा चालकाच्या छातीचा प्रश्न असे. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस, हा तर तेथला नित्याचाच प्रकार. नवख्या क्लार्कला मास्टेन ग्रेगरीने ज्या वेगाने मागे टाकले, त्यानेच तो हादरला. त्याच शर्यतीत आर्ची स्कॉट ब्राउनची मोटार ओल्या रस्त्यावरून घसरून पेटली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. जन्मतः उजवा पंजा नसताना अव्वल चालक झालेल्या या माणसाचा अंत क्लार्कच्या मनात घर करून राहिला.

दोन वर्षांनी, जून 1960 मध्ये, तो लोटस संघाकडून पुन्हा तेथे आला. ग्रां प्रीच्या दर्जाची त्याची ही अवघी दुसरी शर्यत. सरावातच स्टर्लिंग मॉसच्या लोटसचे चाक निखळले आणि माइक टेलरच्या लोटसचा सुकाणूदांडा मोडला. दोघेही जबर जखमी झाले. प्रत्यक्ष शर्यतीत क्रिस ब्रिस्टो ठार झाला आणि त्याच्या रस्त्यावर पडलेल्या देहाला चुकवून क्लार्कला मोटार काढावी लागली. पाठोपाठ त्याचा संघसहकारी अ‍ॅलन स्टेसी तोंडावर पक्षी आदळून गेला. क्लार्क पाचवा आला. वयाच्या चोविसाव्या वर्षी हे पाहिलेल्या माणसाने शेताकडे परत जायचे ठरवले असते, तर त्याला कोणी भित्रा म्हटले नसते.

तो परतला नाही. 27 मे 1962 रोजी जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर त्याने जे केले, ते मला त्याच्या जगज्जेतेपदांहून मोठे वाटते. आयफेलच्या डोंगरांतला हा मार्ग 22.8 किलोमीटरचा, शंभराहून अधिक वळणांचा. त्यातली कित्येक वळणे चढामागे दडलेली. हजार किलोमीटरच्या शर्यतीत क्लार्कजवळ होती लोटस 23, जेमतेम दीड लिटरच्या एंजिनाची खेळण्यासारखी स्पोर्ट्स कार. समोर फेरारीची अडीच ते चार लिटरची धुडे. रस्ता ओला होता. पहिली फेरी संपली तेव्हा ही चिमुकली मोटार एकटीच आली आणि दुसरी मोटार दिसेपर्यंत 27 सेकंद लोटले. ओल्या रस्त्यावर अश्वशक्तीला फारसे मोल नसते. मोल असते ते चाक रस्त्याला कोठवर धरून राहील, हे बोटांना कळण्याला. रस्ता वाळू लागला तशी आघाडी घटत गेली. त्यातच धुराची नळी तुटून विषारी वायू चालकाच्या जागेत शिरू लागला. त्याने गुंगी येऊन बाराव्या फेरीत क्लार्क रस्त्याबाहेर गेला. सुदैवाने त्याला इजा झाली नाही.

पुढच्याच महिन्यात स्पाला त्याने ग्रां प्रीचा पहिला विजय मिळवला. 1963 साली मुसळधार पावसात तो ब्रूस मॅक्लारेनपेक्षा जवळजवळ पाच मिनिटे आधी पोहोचला आणि तेही गिअर निसटू नये म्हणून एका हाताने दांडा धरून ठेवत. 1964 चा विजय मात्र दैवाचा. पुढचे तिघेही अखेरच्या क्षणी, कोणी इंधनावाचून तर कोणी बिघाडाने, अडखळले. आपण जिंकलो हे क्लार्कला कळले तेव्हा त्याची स्वतःची मोटारही इंधन संपून रस्त्याकडेला उभी होती.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. वजन वाचवण्याचा ध्यास घेतलेल्या कॉलिन चॅपमनच्या मोटारी विलक्षण वेगवान होत्या, तशाच नाजूकही. क्लार्कने आपले सारे कर्तृत्व याच एका माणसाच्या स्वाधीन केले. त्याचे कौशल्य इतके असामान्य होते, की मोटारीचा आणि मार्गाचा दोष त्याआड झाकला जाई. मस्ताच्या परिसरात 1966 साली त्याचा मित्र जॅकी स्ट्यूअर्ट पेट्रोलने भिजून मोटारीत अडकला. त्याला सोडवायला प्रेक्षकाकडून पाना मागून आणावा लागला. स्ट्यूअर्टने सुरक्षिततेची चळवळ उभी केली तेव्हा त्याची हेटाळणीच अधिक झाली. जो धोका सर्वोत्तम चालकाला शिवत नाही तो धोकाच नव्हे, अशी आयोजकांची सोयीस्कर समजूत होती.

7 एप्रिल 1968 रोजी ही समजूत होकेनहाइमला कोसळली. शर्यत दुय्यम दर्जाची, फॉर्म्युला टूची. क्लार्क आठव्या स्थानावर होता. पाचव्या फेरीत मोटार सरळ पट्ट्यावरून भरकटून झाडांत गेली. मागच्या टायरातील हवा गेली असावी, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. रस्ता आणि झाडे यांच्यामध्ये लोखंडी कठडा नव्हता. चालकाची चूक शोधूनही सापडेना, याचीच इतरांना धास्ती वाटली. त्यानंतरच्या तीन महिन्यांत माइक स्पेन्स, लुडोव्हिको स्कार्फिओत्ती आणि जो श्लेसेर हेही गेले. 1969 साली चालकांच्या मागण्या मान्य न झाल्याने स्पाची ग्रां प्री रद्द करावी लागली. जुन्या मार्गावर ती 1970 साली शेवटची झाली आणि 1983 साली ती परतली तेव्हा मार्ग निम्म्यावर आला होता. होकेनहाइमला कठडे आले, झाडांतल्या पट्ट्यांवर वेग तोडणारी वळणेही आली.

क्लार्कला चर्नसाइडच्या दफनभूमीत पुरले आहे. त्याच्या शिळेवर शेतकरी हा उल्लेख आधी आहे. जगज्जेतेपदाची नोंद त्यानंतर येते.