गांधीजींचा सोमवार : धकाधकीच्या आयुष्यात राखलेला मौनाचा दिवस

महात्मा गांधी जयंती विशेष

नवी दिल्ली : दिनांक २ जून १९४७. फाळणीच्या योजनेला नेत्यांची संमती मिळविण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी त्या दिवशी राजधानीत काँग्रेस, मुस्लिम लीग आणि शीख प्रतिनिधींची बैठक घेतली. त्यानंतर महात्मा गांधी त्यांच्या भेटीस आले. गांधीजींचा फाळणीला असलेला विरोध सर्वश्रुत होता. ते आता काय बोलतात, याची व्हाइसरॉयना धास्ती होती. मात्र गांधीजींनी एक शब्दही उच्चारला नाही. वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूंवर पेन्सिलीने मजकूर लिहून त्यांनी आपले म्हणणे कळविले. तो सोमवार होता आणि सोमवार हा त्यांच्या मौनाचा दिवस होता.

हे मौन एका दिवसात आलेले नव्हते. २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेले मोहनदास करमचंद गांधी लहानपणापासून अतिशय लाजाळू होते. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असताना शाकाहारी मंडळाच्या सभेत लिहून आणलेले भाषणही त्यांना वाचवत नसे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते पहिल्या खटल्यासाठी उभे राहिले, तेव्हा उलटतपासणीचा एकही प्रश्न त्यांना सुचला नाही. त्यांनी खटला सोडला आणि ३० रुपयांचे शुल्क परत केले. मात्र याच भिडस्तपणाने आपल्याला शब्द जपून वापरण्याची सवय लावली, असे त्यांनी पुढे आत्मकथेत कृतज्ञतेने नमूद केले.

१८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे नाताळ प्रांतातील मरियनहिल या ख्रिस्ती मठाला त्यांनी १८९५ मध्ये भेट दिली. शेती, छपाई, सुतारकाम अशी कष्टाची कामे करीत मौन पाळणाऱ्या तेथील साधूंचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. श्रम आणि शांतता एकत्र नांदू शकतात, याचे ते प्रत्यक्ष उदाहरण होते.

१९१५ मध्ये मायदेशी परतल्यानंतर काही वर्षांतच ते देशातील सर्वांत व्यग्र व्यक्ती बनले. अखंड रेल्वे प्रवास, जाहीर सभा, साप्ताहिकांचे लेखन, पत्रांचा ढीग आणि कोणत्याही वेळी येणारे भेटीचे इच्छुक, असा त्यांचा दिनक्रम होता. या ताणातून थोडी उसंत मिळावी आणि लेखनास वेळ सापडावा, एवढ्याच व्यावहारिक हेतूने त्यांनी आठवड्यातील एक दिवस मौन पाळण्यास प्रारंभ केला. पुढे सरावाने त्याचे आध्यात्मिक मोल उमगले आणि ते मौन त्यांच्या शरीराची व मनाचीही गरज बनले.

या दिवशी ते काम थांबवीत नसत. लेख लिहून होत, पत्रांना उत्तरे जात, चरखा चाले. भेटीस आलेल्यांचे म्हणणे ते ऐकून घेत आणि आवश्यक तेथे चिठ्ठीवर उत्तर देत. बंद असे ते केवळ बोलणे. चिठ्ठी लिहिण्यास वेळ लागतो, त्यामुळे अनावश्यक उत्तर आपोआप गळून पडते. या नियमाला अपवाद दोनच होते : उच्चपदस्थांशी तातडीच्या विषयावर बोलणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा.

हा नियम त्यांनी परदेशातही पाळला. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ते १२ सप्टेंबर १९३१ रोजी लंडनला पोहोचले. सोमवारी, १४ सप्टेंबरला, समितीच्या बैठकीत ते उपस्थित राहिले, पण बोलले नाहीत. त्यांचे पहिले भाषण दुसऱ्या दिवशी झाले.

आठवड्याचा एक दिवस अपुरा वाटला, तेव्हा त्यांनी मोठी विश्रांती घेतली. काँग्रेसच्या अध्यक्षपदाची मुदत संपल्यावर १९२६ चे जवळजवळ संपूर्ण वर्ष त्यांनी दौरे टाळून साबरमती आश्रमात घालविले. आत्मकथेची प्रकरणे लिहिणे आणि आश्रमवासीयांना गीता समजावून सांगणे, ही त्या वर्षातील त्यांची प्रमुख कामे होती. पुण्याच्या येरवडा कारागृहातील एकांतही त्यांनी वाचन, सूतकताई आणि चिंतनासाठी वापरला. तेथून ते आश्रमाला पत्रे लिहीत, तेव्हा तुरुंगाचा उल्लेख मंदिर असा करीत.

१९३६ मध्ये ते वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे वास्तव्यास गेले. खेड्यात राहण्याच्या निर्णयामुळे जग त्यांच्यापासून दुरावले नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी संपर्कासाठी तेथे दूरध्वनी बसवून दिला. तो आजही आश्रमात पाहावयास मिळतो. मातीच्या कुटीपर्यंत दूरध्वनी पोहोचला, तरी पहाटेची प्रार्थना, चरखा आणि सोमवार यांत खंड पडला नाही.

१९४७ च्या त्या सोमवारी या नियमाची कठोर कसोटी होती. व्हाइसरॉयशी तातडीचे बोलणे अपवादात बसत असल्याने ते मौन सोडू शकले असते. चिठ्ठीत त्यांनी या दोन्ही अपवादांचा उल्लेख केला. आपण बोलावे अशी व्हाइसरॉयची इच्छा नाही, हे आपण जाणतो, असेही त्यांनी त्यात लिहिले. काही गोष्टी बोलायच्या आहेत, पण आज नाही, असे कळवून ते परतले. दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, फाळणीची योजना नभोवाणीवरून जाहीर झाली. गांधीजींच्या मौनाने व्हाइसरॉयची अडचण टळली, हे नाकारता येत नाही. मात्र काँग्रेसचे नेतृत्व योजना स्वीकारण्याच्या निर्णयाप्रत आलेले असताना त्यांच्या शब्दांनी ती रोखली गेली असती, असेही म्हणता येत नाही. पुढील महिन्यांत कोलकाता आणि दिल्लीतील हिंसाचार शमविण्यासाठी ते प्राण पणाला लावून उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनासभेकडे जात असताना त्यांची हत्या झाली.

आज दूरध्वनी प्रत्येकाच्या खिशात आहे आणि प्रत्येक संदेशाला तत्काळ उत्तर अपेक्षित असते. शांततेसाठी निवृत्तीची किंवा डोंगरावरील आश्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही, हे गांधीजींच्या चरित्रातून दिसते. त्यांना उसंत कोणी दिली नव्हती. त्यांनी आठवड्यातील एक वार निश्चित केला, भोवतालच्या लोकांना त्याची सवय लावली आणि त्याची किंमत मोजावी लागली, तेव्हाही तो वार मोडला नाही.