हवेत सोडलेलं सगळेच ऐकतात

कॅन्टीनमध्ये बसून फोनचं वायफाय ऑन करा. आजूबाजूच्या नेटवर्कची यादी लगेच समोर येते. पासवर्ड न टाकता ही नावं कशी कळतात? कारण प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचं नाव हवेत जाहीर करत असतो. या हाळीला म्हणतात बीकन फ्रेम. आणि हवेत दिलेली हाळी कुणीही ऐकू शकतं, हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला भर सभेत मिळाला होता.

गुलिएल्मो मार्कोनी. जन्म 1874, इटलीतलं बोलोन्या. 1895 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं घराजवळच्या टेकडीपलीकडे बिनतारी संदेश पाठवला. तो पोहोचल्याची खूण काय, तर पलीकडून भावानं झाडलेली बंदुकीची गोळी! पुढच्याच वर्षी तो आईबरोबर लंडनला गेला, 1897 मध्ये कंपनी उभी राहिली.

पण बिनतारी संदेश गुप्त राहणार कसा? मार्कोनीचं उत्तर होतं ट्यूनिंग. ठरावीक लहरीवर यंत्र जुळवलं की दुसऱ्याची ढवळाढवळ नाही, असा त्याचा दावा. 1903 च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचं प्रात्यक्षिक ठरलं. मार्कोनी दूर कॉर्नवॉलमध्ये, सभेत बोलायला जॉन फ्लेमिंग. मार्कोनीचा संदेश येण्याआधीच यंत्र टकटकायला लागलं. आधी ‘उंदीर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द, पुन्हा पुन्हा. मग मार्कोनीची टिंगल करणारी कविता! नेव्हिल मॅस्केलिन नावाचा जादूगार जवळूनच संदेश सोडत होता. फ्लेमिंग भडकले, पण मॅस्केलिननं उघडपणे कबुली दिली. त्याला दावा पोकळ आहे हेच दाखवायचं होतं.

आता दुसरी बाजू बघा. एप्रिल 1912, टायटॅनिक बुडतंय. जहाजावरचे मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर मदतीची हाक देतात, कार्पेथिया जहाज ती ऐकतं आणि सातशेहून जास्त जीव वाचतात. ती हाक कुलूपबंद असती तर? जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा ऑपरेटर तर झोपायला गेला होता.

वायफायचंही असंच आहे. बीकन उघडा असतो म्हणूनच फोनला राउटर सहज सापडतो. पण जुन्या वायफायमध्ये ‘कनेक्शन तोड’ सांगणारी डीऑथ फ्रेमसुद्धा बिनशिक्क्याची असते. कुणीही राउटरच्या नावानं खोटी फ्रेम सोडावी आणि तुमचा फोन बाहेर! हे मॅस्केलिनचे उंदीरच. 2009 मध्ये अशा फ्रेम्सना शिक्का मारायची सोय आली, 2018 च्या डब्ल्यूपीए3 मध्ये ती सक्तीची झाली.

स्वतः बघायचंय? मॉनिटर मोड चालणारं वायफाय कार्ड घ्या, वायरशार्क उघडा, मॅनेजमेंट फ्रेम्सचा फिल्टर लावा. फक्त घरच्या नेटवर्कवर हं, दुसऱ्याच्या नाही. तुम्ही काहीच करत नसताना अचानक डीऑथचा पाऊस दिसला, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ चालू आहे का ते तपासा.

मार्कोनीला 1909 मध्ये कार्ल ब्राऊनबरोबर नोबेल मिळालं. 20 जुलै 1937 रोजी रोममध्ये तो गेला. त्याला निरोप देताना ब्रिटनमधली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प राहिली. तुमचा राउटर मात्र आत्ताही हाळी देतोय. कोण कोण ऐकतंय, एकदा बघाच.