एका शब्दावरून गुरूंशी बिनसलं

सरांनी वर्गात एखाद्या ओळीचा अर्थ सांगितला आणि तो तुम्हाला आतून पटलाच नाही, असं कधी झालंय? आपण निमूट वहीत उतरवून घेतो, कारण पेपरात मार्क त्यालाच असतात. साधारण हजार वर्षांपूर्वी कांचीपुरममधल्या एका विद्यार्थ्याला मात्र असं गप्प बसणं जमलं नाही. त्याचं नाव रामानुज. हो, तेच रामानुजाचार्य, ज्यांच्या २१६ फुटी पुतळ्याचं २०२२ मध्ये हैदराबादजवळ अनावरण झालं.

परंपरेनुसार त्यांचा जन्म १०१७ चा, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा. वेदान्त शिकायला ते यादवप्रकाश या नावाजलेल्या पंडितांकडे गेले. पुढची गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. एक दिवस ते गुरूंच्या अंगाला तेल लावत होते. तेवढ्यात दुसऱ्या एका विद्यार्थ्याने छांदोग्य उपनिषदातली शंका विचारली. तिथे सूर्यातल्या सोनेरी पुरुषाचं वर्णन आहे. दाढी सोन्याची, केस सोन्याचे आणि डोळे कमळासारखे. कसलं कमळ? तर ‘कप्यास’. गुरूंनी सरळ फोड केली: कपि म्हणजे माकड, आस म्हणजे बसायची जागा. थोडक्यात, माकडाच्या पार्श्वभागासारखं लाल कमळ. रामानुजांच्या डोळ्यांतलं गरम पाणी टपकन गुरूंच्या मांडीवर पडलं.

तुम्हाला हसू आलं असेल. मलाही आलं. पण हा अर्थ काही यादवप्रकाशांच्या मनचा नव्हता. त्यांच्या कितीतरी आधी शंकराचार्यांनीही भाष्यात माकडच घेतलंय. त्यांचं म्हणणं असं, की ही उपमा थेट डोळ्यांना नाही, कमळाला आहे. मग त्यात कमीपणा कसला? शिवाय त्यांच्या अद्वैतात शेवटचं सत्य निर्गुण, रूप वगैरे सगळं उपासनेपुरतं. रामानुजांसाठी देवाचं रूप खरं, गुण खरे, म्हणजे डोळेही खरेच. ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्या डोळ्यांबद्दल असलं कोण ऐकून घेईल?

मग त्यांनी तोच शब्द वेगळा फोडला. ‘क’ म्हणजे पाणी, ते पिणारा ‘कपि’ म्हणजे सूर्य आणि ‘आस’ म्हणजे उमलणं. सूर्याने उमलवलेलं कमळ! अक्षर एकही बदललं नाही. पुढे ‘वेदार्थसंग्रह’ या ग्रंथात त्यांनी हे चित्र आणखी भरलं: खोल पाण्यात उगवलेलं, सुरेख देठावरचं, सूर्यकिरणांनी फुललेलं कमळ. खरं सांगू? शाळेपुरतंच संस्कृत केलेल्या मला आधी हा चक्क जुगाड वाटला. पण आजूबाजूची सगळी वाक्यं सोन्याची असताना मध्येच माकड कुठून आलं, हा प्रश्न रास्तच आहे ना?

गुरूंना तो रुचला नाही. चरित्रकार तर सांगतात, की वाद वाढत गेले, काशीयात्रेच्या वाटेवर रामानुजांना संपवायचा बेत झाला आणि मावसभाऊ गोविंदाने सावध केलं म्हणून ते निसटले. त्याच परंपरेत असंही आहे, की म्हातारपणी यादवप्रकाश याच विद्यार्थ्याचे शिष्य झाले.

पुढे रामानुज श्रीरंगमला आचार्य झाले आणि ब्रह्मसूत्रांवरचं ‘श्रीभाष्य’ सांगायला बसले. लिहून घ्यायला शिष्य कूरेश. अट रामानुजांनीच घातलेली: पटलं नाही तर लेखणी थांबवायची. एका जागी जीवाची व्याख्या आली, की जाणणारा तो जीव. कूरेश थांबले. जीव देवाचा आहे, ही गोष्ट त्यात आलीच नव्हती. आता गुरूच्या जागी रामानुज होते आणि ते भडकले. तावातावाने उठून गेले. डोकं शांत झाल्यावर त्यांना आपली चूक दिसली. त्यांनी शिष्याची माफी मागितली, व्याख्या सुधारली आणि कूरेशांनी पुन्हा लेखणी उचलली.