शाळेचा सन्मानफलक कोरणारा मुलगा : हेन्री मूर

प्रत्येक जुन्या शाळेत एक तरी लाकडी फलक असतो. कधी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, कधी सभागृहाच्या भिंतीवर. आपण माजी विद्यार्थी जमलो की हमखास त्याच्यासमोर उभे राहतो, ओळखीची नावे शोधतो, वर्षे मोजतो. तो फलक केला कोणी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात कॅसलफर्ड नावाचे एकेकाळचे खाणकामगारांचे गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेसाठी १९१६ साली असा एक फलक कोरला गेला. त्यावर यादी होती ती पहिल्या महायुद्धावर गेलेल्या शाळेच्या मुलांची. तो कोरणारा मुलगा त्याच शाळेतून नुकताच बाहेर पडला होता. वय जेमतेम अठरा. त्याचे नाव हेन्री मूर. विसाव्या शतकातल्या थोर शिल्पकारांत पुढे त्याची गणना झाली. शाळेने, आणि विशेषतः शाळेतल्या एका चित्रकलेच्या बाईंनी, या मुलाला कसे उभे केले याची हकीकत आपल्या स्मरणिकेत शोभावी अशी आहे.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८९८ चा. आठ भावंडांत तो सातवा. वडील रेमंड मूर कोळशाच्या खाणीत काम करणारे. पण स्वतःच्या हिमतीवर शिकलेले, वाचनाची आवड असलेले, घरात व्हायोलिन वाजवायला शिकवणारे. आपल्या एकाही मुलाने खाणीत उतरू नये, असा त्यांचा पण होता. मुलांनी शिकावे, शिक्षक व्हावे, महिन्याच्या महिन्याला पगार घरी यावा, एवढे त्यांचे स्पष्ट गणित होते. थोरल्या भावंडांनी ते खरेही करून दाखवले. आई मेरी दिवसभर कष्टणारी. संधिवाताने तिची पाठ दुखायची आणि ती तेलाने चोळून देण्याचे काम छोट्या हेन्रीकडे असायचे. पाठीची हाडे कुठे वर येतात, मांस कुठे मऊ लागते, हे त्याच्या बोटांना असे लहानपणीच कळले. पुढे अनेक वर्षांनी बसलेल्या स्त्रीचे शिल्प घडवताना हीच पाठ आपल्या हातून उमटते आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

अकरा वर्षांचा असताना रविवारच्या धर्मशाळेत त्याने मायकेलअँजेलोची गोष्ट ऐकली आणि आपण शिल्पकार व्हायचे असे मनाशी ठरवून टाकले. अकरा वर्षांच्या मुलाचे असे बेत चार दिवस टिकतात. याचा टिकला, याचे कारण त्याची शाळा.

१९१० साली शिष्यवृत्ती मिळवून तो कॅसलफर्डच्या माध्यमिक शाळेत दाखल झाला. हेडमास्तर डॉज यांना जुन्या वास्तूंचे वेड होते. आसपासची जुनी चर्चे मुलांनी पाहावीत, असा त्यांचा आग्रह असे. जवळच्या मेथ्ली गावच्या चर्चमधील दगडी मूर्ती हेन्रीने तेव्हाच पाहिल्या आणि कागदावर उतरवल्या. दगडात कोरलेला माणूस त्याला प्रथम भेटला तो तिथे.

आणि मग होत्या ॲलिस गॉस्टिकबाई, चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांची आई फ्रेंच होती, त्यामुळे युरोपात चित्रकलेत काय नवे चालले आहे याची खबर त्यांना असे. खाणगावातल्या मुलांपुढे त्या परदेशातल्या कलेची मासिके उघडून ठेवत. पुढे त्यांनी संध्याकाळचा मातीकामाचा वर्गही चालवला. मातीची भांडी घडवायची, रंगवायची, भाजायची. हेन्रीचाच शाळासोबती आल्बर्ट वेनराइट हाही पुढे चित्रकार म्हणून पुढे आला. एका लहानशा गावातल्या एकाच बाईंच्या हाताखालून असे दोघे निघाले, याला नुसता योगायोग म्हणता येत नाही.

इथे थोडे थांबून तिकडच्या शाळेची रीत सांगायला हवी. इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा या वयाच्या शेवटच्या दोन वर्षांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात, आपली अकरावी-बारावीच. या वयात मुलगा निवडक विषय घेतो आणि त्या निवडीवर त्याची पुढची वाट ठरते. आज तिथे कला, मातीकाम, वस्त्रकला, शिल्प हे विषय गणित-विज्ञानाच्या बरोबरीने ए-लेव्हलला घेता येतात. परीक्षेची पद्धतही वेगळी आहे. साठ टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावर केलेल्या दीर्घ कामाला असतात. त्यासोबत किमान एक हजार शब्दांचे लेखनही करावे लागते. उरलेले चाळीस टक्के परीक्षा मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला. त्याची तयारी आधी करायची आणि शेवटचे पंधरा तास देखरेखीखाली बसून काम करायचे. म्हणजे एका बैठकीत काढलेल्या चित्रापेक्षा त्यामागची कच्ची रेखाटने, फसलेले प्रयत्न आणि विचार यांना तिथे अधिक किंमत आहे.

हेन्रीच्या वेळी हे काहीच नव्हते. ए-लेव्हल आली १९५१ साली. १९१५ मध्ये शालेय परीक्षा संपवून त्याने घरी शिल्पकलेचा विषय काढला, तेव्हा वडिलांनी विरोध केला. कलाशाळेत जायला त्यांची कायमची मनाई नव्हती. पण आधी शिक्षकाची पात्रता मिळव, हातात पोटापाण्याचे साधन येऊ दे, मग काय ते कर, अशी त्यांची अट होती. आज आपल्याला वाटते, केवढा मोठा कलावंत आणि बापाला कळले नाही! पण रेमंड मूर यांनी खाण आतून पाहिली होती. शिल्पावर घर चालवणारा एकही माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. आपल्यापैकी किती जणांच्या घरी दहावीच्या निकालानंतर याच सुरात बोलणी झाली असतील! अशी बोलणी करणारे सगळेच आईवडील कलेचे वैरी नसतात.

हेन्रीने ऐकले. तो गावातल्याच प्राथमिक शाळेत उमेदवार शिक्षक झाला. पोरांचा वर्ग सांभाळणे त्याला रुचले नाही, पण त्याने ते केले. गॉस्टिकबाईंनी मात्र त्याचा हात सुटू दिला नाही. शाळेला सन्मानफलक हवा होता, तेव्हा त्यांनी ते काम बाहेरच्या सुताराकडे न देता आपल्या या माजी विद्यार्थ्याला सांगितले.

या गोष्टीचे मोल नीट लक्षात घ्यावे असे आहे. वर्गात काढलेले चित्र वहीत राहते, फार तर प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर चढते. हे काम मात्र कायमचे भिंतीवर राहणार होते. लाकूड खरे होते, चूक झाली तर खोडरबर चालणार नव्हते. आणि त्यावरची नावे कोणा परक्यांची नव्हती. आगेमागे त्याच बाकांवर बसलेल्या मुलांची होती. त्यांतले कितीजण परत येतील हे कोणालाच ठाऊक नव्हते. अठरा वर्षांच्या मुलावर एवढी जबाबदारी टाकायला शिक्षकाची छाती लागते. मूरच्या हातचे पहिले मोठे कोरीवकाम ते हेच.

फेब्रुवारी १९१७ मध्ये तो स्वतः सैन्यात भरती झाला. लंडनच्या एका पलटणीत, तिथल्या सर्वांत लहान वयाच्या शिपायांपैकी एक. त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत विषारी वायूचा मारा झाला. त्याच्या तुकडीतल्या चारशेंपैकी बावन्नच माणसे धड राहिली, असे तो पुढे सांगत असे. त्यालाही वायू बाधला आणि त्याची रवानगी इस्पितळात झाली. बरा होऊन युद्ध संपल्यावर तो गावी परतला आणि पुन्हा त्याच प्राथमिक शाळेत शिकवू लागला.

आता परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळू लागली होती. गॉस्टिकबाईंनी त्याला त्यासाठी खटपट करायला लावले आणि सप्टेंबर १९१९ मध्ये एकविसाव्या वर्षी हेन्री लीड्सच्या कलाशाळेत दाखल झाला. वडिलांची अट पाळून झाली होती, आता विरोधही उरला नव्हता. रोज आगगाडीने लीड्सला जायचे, दिवसभर शिकायचे आणि संध्याकाळी गावी परतून पुन्हा बाईंच्या मातीकामाच्या वर्गात बसायचे, असा त्याचा क्रम होता. जुन्या शाळेशी त्याचे नाते असे घट्ट राहिले. त्याने लिहिलेले एक नाटकही १९२० साली शाळेत झाले. त्याचे नाव होते ‘नारायण अँड भटार्यन’. खाणगावातल्या पोराने आपल्याकडची नावे का निवडली असतील, याचे मराठी वाचकाला कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

लीड्सला शिल्पकलेचा वेगळा वर्ग नव्हता. हेन्रीच्या हट्टामुळे दुसऱ्या वर्षी तो उघडावा लागला. शिक्षक एक आणि पूर्णवेळ विद्यार्थीही एकच! दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने एका वर्षात संपवला आणि १९२१ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टची शिष्यवृत्ती मिळवली. लीड्सला त्याच्या मागोमाग आलेली बार्बरा हेपवर्थ ही वेकफील्डची मुलगीही त्याच सुमारास लंडनला गेली आणि पुढे तीही जगप्रसिद्ध शिल्पकार झाली.

लंडनच्या कॉलेजातला एक किस्सा वर्गमित्रांनी चवीने वाचावा असा आहे. जुन्या इटालियन शिल्पाची संगमरवरात प्रत करायची होती. नियम असा की मोजमापाच्या यंत्राने दगडावर बिंदू पाडायचे आणि त्यांच्या आधारे कोरायचे. मूरने सगळे शिल्प नजरेच्या अंदाजाने थेट कोरले आणि मग नियम पाळल्याचा देखावा म्हणून वरून बिंदूंच्या खुणा पाडून ठेवल्या. खोडी होती, पण तिच्यात त्याचा पुढचा सगळा विचार होता. दगडाने दगडासारखे दिसावे, लाकडाच्या रेषा आकाराबरोबर वळाव्यात, आणि कोरणाऱ्याने सामग्रीशी थेट झुंजावे, हे तत्त्व त्याने जन्मभर धरले. सुटीच्या वेळी तो ब्रिटिश म्युझियममध्ये मेक्सिको, आफ्रिका, इजिप्तची शिल्पे न्याहाळत बसे. रेललेल्या माणसाची प्राचीन मेक्सिकन मूर्ती त्याच्या मनात घर करून राहिली आणि त्यातूनच त्याच्या प्रसिद्ध पहुडलेल्या स्त्रियांची मालिका सुरू झाली.

वडील १९२२ मध्ये गेले. त्यांनी आग्रहाने धरायला लावलेला शिक्षकी पेशा मात्र मूर यांच्या कामी आला. १९२४ पासून ते रॉयल कॉलेजमध्ये आठवड्यातून दोन दिवस शिकवत आणि उरलेल्या दिवसांत शिल्पे घडवत. १९३१ च्या प्रदर्शनावर वर्तमानपत्रांनी झोड उठवली, अशा माणसाला शिक्षक म्हणून ठेवू नये अशी ओरड झाली. त्यांनी ते कॉलेज सोडले, पण लगेच चेल्सीच्या कलाशाळेने शिल्पाचा विभाग उभारायला बोलावले आणि १९३९ पर्यंत ते तिथे होते. शिल्पे विकली जात नव्हती त्या काळात घर चालले ते मास्तरकीवर. वडिलांचे गणित अगदीच चुकले नव्हते!

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडू लागले. लोक रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटांवर ओळीने झोपत. मूर यांनी त्यांची चित्रे काढली. त्यासाठी वापरले काय, तर मेणाचे खडू आणि जलरंग. मेणावर रंग ठरत नाही, बाजूला ओघळतो आणि अंधारातून आकृत्या वर येतात. आपण पाचवी-सहावीत गंमत म्हणून केलेला हाच प्रयोग! या चित्रांनी ते सामान्य माणसाच्या घरात पोचले. मग १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते आपल्या गावच्या व्हेल्डेल खाणीत उतरले आणि गुडघ्यांवर रांगत कोळसा फोडणाऱ्या कामगारांची चित्रे काढली. वडिलांनी याच खाणीत आयुष्य काढले होते आणि मुलांना तिच्यापासून दूर ठेवले होते. मुलगा अखेर तिथे गेला, हातात पेन्सिल घेऊन.

१९४८ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांना शिल्पकलेचे पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर जगभर त्यांची शिल्पे उभी राहिली. सर हा किताब त्यांनी नाकारला. पैसा भरपूर आला, तेव्हा १९७७ साली कलेच्या प्रसारासाठी स्वतःच्या नावे प्रतिष्ठान स्थापन करून त्यात घातला. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले होते.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांपर्यंत मुले उत्साहाने रंग कालवतात. दहावी झाली की विज्ञान-वाणिज्याच्या वेळापत्रकातून चित्रकलेचा तास नाहीसा होतो आणि नेमक्या ज्या वयात हाताला समज येऊ लागते, त्याच वयात रंगपेटी माळ्यावर जाते. प्रत्येकातून हेन्री मूर निघणार नाही आणि निघायची गरजही नाही. पण अठराव्या वर्षापर्यंत एखादी संध्याकाळ मातीत हात घालायला मिळाली, तर पुढे डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदार झालेल्या माणसालाही ती पुरते.

म्हणून आपल्या मेळाव्यापुढे एक साधी सूचना ठेवाविशी वाटते. आजवरच्या देणगीदारांचा, गुणवंतांचा किंवा निवृत्त गुरुजनांचा नवा फलक शाळेत लावायचा झाला, तर तो बाजारातून छापून आणू नये. चांगले लाकूड आणि पटाशीचा एक संच आपण सर्वांनी वर्गणी काढून द्यावा, एखाद्या जाणत्या सुतारमिस्त्रींना आठ दिवस शाळेत बोलवावे आणि फलक अकरावी-बारावीच्या मुलामुलींकडून कोरून घ्यावा. एखादे अक्षर वाकडे येईल. येऊ द्यावे.